पाठ झालेली दहावी ओळ

आमच्या देशात माणूस शाळेतली कविता विसरेल, सासूचा वाढदिवस विसरेल, पण डोळे तपासायचा तक्ता मरेपर्यंत विसरणार नाही. पहिलीत असताना भिंतीसमोर उभं करतात, एक डोळा झाकायला लावतात, आणि तिथून थेट पेन्शनीपर्यंत सगळीकडे तोच तक्ता. शाळेत तोच, सैन्यभरतीत तोच, गाडीच्या लायसनला तोच. वर मोठ्ठे श, ब. त्याखाली म, न, क. आणि तळाशी दहावी ओळ, मुंगीएवढी: न, क, इ, ब, म, श, ई, ब. माझ्या नवऱ्याला, देव त्याला तिकडे वर सुखात ठेवो, बाटलीवरचं लेबल चष्म्याशिवाय वाचता यायचं नाही. पण झोपेतून उठवून दहावी ओळ विचारा, घडाघडा म्हणायचा.

त्या तक्त्यासमोर हातात छडी घेऊन मी एकतीस वर्षं उभी होते. क्रुतोयारच्या क्रीडा दवाखान्यात, डोळ्यांच्या खोलीतली नर्स. नाव फाइना मात्वेयेव्ना, पण खेळाडूंसाठी फाया मावशी. आमच्या ओतकाम कारखान्याचा हॉकीचा संघ आहे, आणि दर ऑगस्टला बर्फावर पाय ठेवायच्या आधी अख्खा संघ माझ्या खोलीतून जातो. सही डॉक्टरची, पण आकडा लिहिणार मी. कागदावर 'एक' लिहिला की नजर पक्की, जा बाबा, खेळ. एवढी सत्ता होती माझ्या हातात, आणि ती मी कशी वापरली ते आता ऐका.

ग्लेब कादुश्किनला मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. वरच्या खाणवस्तीतून आलेला, मनगटं बाहीच्या चार बोटं बाहेर. कादुश्का म्हणजे कोबी खारवायचं लाकडी पिंप. आडनावावरून टोपणनाव पाडायला आमच्या पोरांना अर्धा मिनिटही लागत नाही. तेव्हा तो काडीसारखा होता, म्हणून सगळे खदाखदा हसले. पुढे दोन-तीन वर्षांत तो खरोखरच पिंपासारखा झाला आणि मग कुणी हसेना, पण नाव राहिलं ते राहिलंच.

तो बचावपटू. गोल करणाऱ्याचं नाव पोरं भिंतीवर लिहितात. बचाव करणाऱ्याचं नाव त्याच्या आईच्या आणि गोलकीपरच्या लक्षात राहतं, बस्स. एकोणीस सीझनमध्ये त्यानं सत्तावीस गोल केले असतील, त्यातला एक आपल्याच जाळ्यात. त्याचं काम वेगळं होतं. समोरचा काठी उगारून चकती हाणायला लागला की बाकीचे अंग चोरतात, हा तिच्यापुढे आडवा पडायचा. गोठवून दगड केलेली रबराची चकती असते ती, बरगडीवर बसली की आवाज वरच्या रांगेपर्यंत येतो. टाके किती पडले ते त्यानं मोजायचं सोडून दिलं होतं. नव्वदच्या दशकातल्या त्या भिकार वर्षांत कारखाना पगाराऐवजी बिडाच्या कढया द्यायचा, तेव्हा अर्धा संघ पळाला. हा नाही पळाला. एकदा राजधानीच्या एका संघानं नेला, तर एक हिवाळा काढून परत आला.

"का रे आलास परत, मेल्या?" मी विचारलं.

"मावशी, तिथला बर्फ चांगला आहे. पण मार लागला तरी कुणी 'पिंपा, ऊठ' असं ओरडत नाही."

असा माणूस. संगीतशाळेत बायान, म्हणजे गळ्यात अडकवून वाजवायची पेटी, शिकवणाऱ्या इन्गाशी त्यानं लग्न केलं. ती त्याच्या खांद्याला लागायची, पण घरात आवाज तिचाच. बर्फावर वाघ आणि दारातून आत आला की गरीब गाय. पुढे दोन मुली झाल्या, कप्तानपद आलं, मिशीत पांढरं दिसायला लागलं. मला वाटलं, चला, याची गाडी सुखरूप स्टेशनात येणार.

तो तेहतीसचा होता तेव्हा फेब्रुवारीत बाहेरगावच्या एका मॅचमध्ये चकती त्याच्या तोंडावरच्या काचेच्या खालून घुसली आणि डाव्या डोळ्यावर बसली. तीन आठवडे तो इस्पितळात होता. परत आला तो काळा चष्मा लावून. विचारेल त्याला सांगायचा, "झकास आहे, आधीपेक्षा जास्त दिसतंय, बायकोच्या सुरकुत्यासुद्धा." इन्गा त्याला कोपर मारायची. सगळे हसले, मीही हसले.

मग आला ऑगस्ट. आमचे तेव्हाचे डॉक्टर एमिल रोबेर्तोविच म्हणजे देवमाणूस, पण जेवण झालं की खुर्चीतच डुलक्या घ्यायचे. खेळाडू दोन पायांवर आत आला म्हणजे धडधाकट, असा त्यांचा हिशोब. आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय, असा आमचा कारभार! तर ग्लेब उभा राहिला. डावा डोळा झाकून उजव्यानं वाचलं, बरोबर. मग उजवा झाकला. माझ्या एका हातात जॅम घातलेला चहा, दुसऱ्या हातात छडी. चहा हिंदकळला म्हणून मी तिकडे बघितलं, आणि छडी चुकून नवव्या ओळीवर गेली.

"न, क, इ, ब..." ग्लेबनं सुरू केलं. दहावी ओळ. न अडखळता, शेवटापर्यंत.

माझा चहा तसाच राहिला. मी हळूच विचारलं, "ग्लेब, छडी कुठे आहे?"

डॉक्टर घोरत होते. मग तो पुढे झुकला आणि कुजबुजला, "मावशी, एकच सीझन. पोरं यंदा वरच्या लीगमध्ये जाणार, अंगात आहे त्यांच्या. सोळा वर्षं मी इथे मार खाल्लाय. यांच्याबरोबर एकदा वर जाऊ दे. फक्त एक सीझन."

"काय दिसतं त्या डोळ्यानं?"

"उजेड दिसतो. सावली दिसते."

"आणि उजव्याला काही झालं तर?"

"थू थू थू," तो म्हणाला आणि डाव्या खांद्यावरून तीनदा थुंकल्यासारखं केलं. आमच्याकडे या थुंकण्यावर केवढा विश्वास! छतावरून उडी मारायच्या आधीही थुंकतील.

मी 'एक' लिहिलं. का लिहिलं? स्वतःला खूप कारणं दिली. म्हटलं, गावाचा संघ आहे. म्हटलं, मोठा माणूस आहे, त्याचा डोळा, त्याची मर्जी. खरं कारण एवढंच की त्याला नाही म्हणायला माझी जीभ उचलली नाही. सतरा वर्षांचा असल्यापासूनचं पोर ते. दुसऱ्या दिवशी चॉकलेटचा डबा घेऊन आला. ते चॉकलेट माझ्या घशाखाली उतरेना. डबा कपाटात टाकला आणि वर कापसाची गुंडाळी ठेवली.

एका सीझनचे झाले तीन. पहिल्या वर्षी उपांत्य फेरीत हरले. दुसऱ्या वर्षी तर त्याच्याही आधी. दर ऑगस्टला तो यायचा, उजवा डोळा झाकायचा, मी मान खाली घालून 'एक' लिहायचे, आणि दुसऱ्या दिवशी चॉकलेट. कपाटात तीन डबे झाले.

तो खेळायचा कसा, ते मला एकटीलाच कळत होतं. आधी उजवीकडे खेळायचा, तो कोचला सांगून डावीकडे गेला, म्हणजे आंधळ्या बाजूला नुसता कठडा, तिकडून कुणी येणार नाही. मान सारखी कोंबडीसारखी वळवायचा. आमचा गोलकीपर तिखोन, बावीस वर्षांचं बडबडं पोरगं, त्याला याने बजावलं होतं, "मागून बोलत राहा. तू गप्प बसलास की माझी लय बिघडते." मग तिखोन साठ मिनिटं ओरडायचा, "पिंपा, डावीकडे! पिंपा, मागे!" आणि आमच्या पेपरात काय छापून यायचं माहितेय? वयाबरोबर कादुश्किनला खेळ वाचता यायला लागलाय म्हणे! मी तो पेपर बटाट्याच्या सालांखाली पसरला.

मॅचला मी जायचे. बाकीचे लोक चकती बघायचे, मी त्याचा उजवा डोळा बघायचे. काठी वर गेली की माझे डोळे मिटायचे. शेजारची बाई म्हणायची, "तिकीट काढून डोळे मिटून बसता, घरीच का नाही झोपत?"

तिसऱ्या वसंतात ते जिंकले. वरच्या लीगमध्ये गेले! गावात कारखान्याचा भोंगा दहा मिनिटं वाजत होता. मी रडले. म्हटलं, सुटला एकदाचा, आता मिळवलं त्यानं, आता थांबेल.

मे महिन्यात इन्गा माझ्या खोलीत आली. हातात ना फूल, ना जॅमची बरणी. मी खुर्ची पुढे केली, ती बसली नाही.

"फाइना मात्वेयेव्ना, एकच विचारायचंय. ते 'एक' तुम्हीच लिहिता ना?"

"कोणतं गं एक?"

"नाटक नको. घरात डाव्या बाजूला ठेवलेला ग्लास तो रोज पाडतो. मला कळायला डॉक्टर कशाला हवा?"

मी खाली बघितलं.

"फायनलच्या दिवशी काय झालं माहितेय तुम्हाला?" ती म्हणाली. "शेवटच्या मिनिटात चकती बसली उजव्या भुवईवर. डोळा सुजून बंद झाला. जिंकल्यावर सगळे गाणी म्हणतायत, शॅम्पेन उडवतायत, आणि हा बाकावर भिंतीला टेकून बसलाय. कप त्याच्या हातात दिला, तर विचारतो, हे काय आहे? पोरं पोट धरून हसली. त्यांना वाटलं, कप्तान चेष्टा करतोय. चार तास, फाइना मात्वेयेव्ना. चार तास त्याला काहीच दिसत नव्हतं. मी हात धरून बसपर्यंत नेला, तर पोरं म्हणतात, बायको लाडात आलीय."

"त्याला सांग ना मग, थांब म्हणून."

"सांगितलं. महिनाभर बोलला नाही. आता म्हणतो, वर गेलोय तर एक सीझन वर खेळू दे. तो स्वतःहून थांबणारा नाही हो. पाय तुटला तर दुसऱ्या पायावर खेळेल. माझी धाकटी दुसरीत आहे. ती मोठी झालेली तिच्या बापाला दिसायला हवी, एवढंच माझं म्हणणं आहे. तुमच्याकडे दुसरं काही मागत नाही. खोटं लिहू नका. बस्स."

दार आपटून गेली. बरोबरच होतं तिचं. पण माझी काय गत झाली विचारू नका. आता खरा आकडा लिहावा, तर मागच्या तीन वर्षांचं कोण विचारणार नाही? डोळा काय एका रात्रीत जातो? पेन्शनीला दोन वर्षं उरलेली. आपलेच दात नि आपलेच ओठ. आणि न लिहावं तर, त्या पोरीचा बाप.

जूनमध्ये एमिल रोबेर्तोविच निवृत्त झाले आणि उफा शहरातून नवीन डॉक्टर आल्या, आयगुल राशितोव्ना. वय तिशीचं, केस घट्ट बांधलेले, डुलकी नावाचा प्रकार नाही. रोज सकाळी मी ठरवायचे, आज यांना सगळं सांगते. रोज सकाळी मी त्यांच्यापुढे चहा ठेवायचे आणि म्हणायचे, "आज ऊन छान पडलंय." त्या म्हणायच्या, "हो, फाइना मात्वेयेव्ना." झालं आमचं बोलणं.

मग जुलैत कपाट आवरताना सगळ्यात मागे एक सुरळी सापडली. कधीतरी वरून पाठवलेला दुसरा तक्ता. अक्षरं तीच, क्रम वेगळा. पाठ केलेल्यांना पकडायलाच काढला असणार, पण आमच्याकडे कुणी उघडलाच नव्हता. मी तो झटकला आणि जुन्याच्या जागी, भिंतीवरच्या दिव्याच्या पेटीत सरकवला. मी भित्री बाई. तोंड उघडायची हिंमत नव्हती, म्हणून तक्ता बदलला. वाटलं, ग्लेब येईल, जुनं म्हणेल, डॉक्टरांना आपोआप कळेल, आणि माझं नावही येणार नाही.

आता ऑगस्टचा तो दिवस ऐका. पहिला आला तिखोन. गरुडासारखी नजर पोराची. डोळा झाकला, छडी तळाशी गेली, आणि याने छताकडे बघत सुरू केलं, "न, क, इ, ब, म..."

"थांबा," डॉक्टर म्हणाल्या. "परत वाचा."

"न, क, इ..." आणखी मोठ्यानं.

"अरे गाढवा, समोर बघ की जरा!" मी ओरडले.

त्यानं बघितलं आणि तोंड उघडंच राहिलं. "मावशी, हे काय? अक्षरं हलवली कुणी?"

त्याच्या मागून आलेला तसाच. त्याच्या मागून आलेलाही. पहिले सात जण भिंतीकडे न बघता जुनं म्हणून मोकळे! कुणाला पहिलीपासून बघायची सवयच नव्हती. बघायला लावलं तर सगळ्यांना बरोबर दिसत होतं, एक सोडून. तो पुढच्या फळीतला होता, आणि सात वर्षं तो गोलाच्या डावीकडे का मारतो ते त्या दिवशी कळलं. बाहेर गलका झाला, तसा कोच सावेल्यिच आत घुसला. ढोल्या, लालबुंद.

"फाया, हे काय चाललंय? माझा गोलकीपर आंधळा? वरच्या लीगमध्ये आंधळा घेऊन जाऊ?"

"तुम्हीच वाचा ना, सावेल्यिच," मी म्हटलं.

"त्यात काय वाचायचंय!" चष्मा खिशात, छाती पुढे. "न, क, इ, ब, म, श, ई, ब! साठी उलटली तरी नजर बघ!"

आयगुल राशितोव्ना हसल्या. पहिल्यांदाच हसताना पाहिलं मी त्यांना. बाहेरची पोरं तर भिंतीला धरून हसत होती. मीही हसत होते, पण नजर दारावर होती, कारण ग्लेब बाहेर होता. कप्तान नेहमी शेवटी येतो.

आणि तो आला तो हसतच. मला तेव्हाच कळलं. वीस जण बाहेर जाऊन नव्या तक्त्याचीच चर्चा करत होते. याने सहज विचारलं असणार, "काय रे, खाली काय लिहिलंय आता?" आणि त्यांनी हौसेनं सांगितलं असणार. शाळेत असताना पाठांतर पक्कं असतं म्हणतात, याचं छत्तिसाव्या वर्षीही पक्कं होतं. माझी सगळी हुशारी पाण्यात गेली.

त्यानं डावा डोळा झाकला, उजव्यानं वाचलं. मग उजव्यावर तळहात घट्ट धरला. छडी तळाशी.

"श, क, ब..." नवीन ओळ. बरोबर. अगदी बरोबर.

डॉक्टरांनी पेन उचललं. आता त्या मला आकडा विचारणार आणि मी 'एक' म्हणणार, आणि हा जाणार पुन्हा त्या चकत्यांच्या पुढे. मला काय झालं कुणास ठाऊक. राग आला. त्याचा आला, माझा आला, त्या कपाटातल्या तीन डब्यांचा आला. मी छडी खाली ठेवली, पेटीतला दिवा तसाच चालू ठेवला आणि तक्ता बाजूनं ओढून काढला. आवाज न करता. समोर नुसती उजेडाची पांढरी पेटी.

"...इ, न, म," ग्लेब वाचतच होता, "ई, क." वाचून झालं. हसला. "पुरे की आणखी, मावशी?"

आयगुल राशितोव्ना पेन धरून तशाच थांबल्या. खोलीत कुणी काही बोलेना. ग्लेबला ती शांतता कळली. त्यानं उजव्या डोळ्यावरचा हात काढला आणि रिकामी पेटी बघितली. मग माझ्याकडे बघितलं. तक्ता माझ्या छातीशी धरलेला.

"कधी काढलास?" त्यानं विचारलं.

"तिसऱ्या अक्षराला."

मला वाटलं, आता हा ओरडणार. एवढा मोठा माणूस, त्याला सगळ्यांसमोर उघडा पाडला. तो स्टुलावर बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि असा लांब श्वास सोडला की टेबलावरचा कागद हलला.

"बरं झालं," तो म्हणाला. "बरं झालं, मावशी. मला नव्हतं जमत थांबायला."

मग माझी जीभ सुटली. तीन वर्षांचं सगळं मी डॉक्टरांपुढे ओकले. कितव्या ओळीवर छडी होती, किती वेळा 'एक' लिहिलं, सगळं. म्हटलं, "मला काढायचं तर काढा." त्या शांतपणे म्हणाल्या, "ते नंतर बघू. आधी उजवा डोळा बघायचाय. तीन वर्षांत कुणी आत डोकावून बघितलंय का?"

कुणीच नव्हतं बघितलं. वसंतातल्या त्या फटक्यानंतरही नाही. त्यांनी थेंब घातले आणि बाहुली मोठी व्हायला वीस मिनिटं थांबायला सांगितलं. ती वीस मिनिटं माझ्या एकतीस वर्षांपेक्षा मोठी होती. आतमध्ये पडदा फाटला असेल तर? डावा असाच तर गेला होता.

ग्लेब भिंतीला डोकं टेकून बसला होता. मी विचारलं, "रागावलास माझ्यावर?"

"तीन वर्षं रागावलो होतो," तो म्हणाला. "दर ऑगस्टला वाटायचं, आज तरी ही म्हातारी नाही म्हणेल. तू काही म्हणायची नाहीस. मग मी चॉकलेट आणायचो."

हे ऐकून मी तोंडावर पदर ओढावा तसा हातरुमाल ओढला. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी त्याच्यावर उपकार करतेय.

डॉक्टरांनी पडदे ओढले आणि भिंग घेऊन त्याच्या डोळ्यात बघायला लागल्या. वर बघा. खाली बघा. नाकाकडे बघा. मी टेबलाचा कोपरा धरून उभी. बाहेर पोरांचं हसणं चालूच होतं, त्यांना काय कल्पना.

"स्वच्छ आहे," आयगुल राशितोव्ना म्हणाल्या.

"काय?"

"उजवा. पडदा शाबूत आहे. एक ओरखडासुद्धा नाही. नशीब म्हणायचं, दुसरं काय." मग त्या माझ्याकडे बघून जे बोलायला हवं होतं ते बोलल्या. ते मी इथे सांगत नाही, पण एकही शब्द खोटा नव्हता. लेखी ठपकाही मिळाला आणि मी तो सही करून घेतला. त्या रात्री मला जेवण गोड लागलं, खोटं कशाला बोलू.

कोच सावेल्यिचनं आधी थयथयाट केला. "लीग वर, आणि कप्तान खाली? मला मारायला निघालात?" मग त्याला सगळं नीट सांगितलं. तो खुर्चीत बसला, चष्मा काढून पुसला, परत लावला. "म्हणजे तीन वर्षं माझी डावी बाजू एका डोळ्यावर चालली होती?" मग ग्लेबच्या पाठीत एक दणका घातला आणि पाठ फिरवून खिडकीबाहेर बघत राहिला.

थेंबांमुळे ग्लेबला सगळं धूसर दिसत होतं, म्हणून मीच कोपराला धरून घरी नेला. भर दुपारी, अर्ध्या गावातून. लोक म्हणत होते, "काय फाया मावशी, कप्तान पळवला का?" मी म्हटलं, "हो, मला कोबी खारवायचाय." तो हसत होता. इन्गानं दार उघडलं, हातात सूपाचा डाव. आमच्या दोघांकडे बघून तिचा चेहरा पांढरा पडला.

"उजवा स्वच्छ आहे," मी आधी तेच सांगून टाकलं. "आणि यंदा हा खेळत नाही. कधीच खेळत नाही."

ती दारातल्या बूट घालायच्या बाकड्यावर मटकन बसली. डाव तसाच हातात. नुसती मान हलवत राहिली. ग्लेब तिच्यापुढे उकिडवा बसला आणि चाचपून तिचा हात शोधला. मी दार ओढून घेतलं आणि निघाले.

आता तो बर्फ करतो. म्हणजे आमच्या बर्फाच्या मैदानाचा मुख्य कारागीर आहे, पाणी किती गरम, थर किती जाड, सगळं त्याच्या हातात. तिखोन म्हणतो, पिंप गेल्यापासून बर्फ चांगला झाला आणि बचाव वाईट. पहिल्या सीझनमध्ये वरच्या लीगमध्ये सपाटून मार खाल्ला आमच्या संघानं. ग्लेब कठड्यामागे उभा राहून शिव्या घालायचा आणि खसखशीचा पाव खायचा. पोट सुटलंय त्याचं.

पण मला आठवतो तो दुसऱ्या दिवशीचा फोन. सकाळचे साडेदहा वाजले असतील, मी खोलीत जुने कागद फाडत होते. इन्गाचा आवाज अगदी दबका.

"काय झालं गं? डोळा?"

"नाही, नाही. तो झोपलाय. काल तुम्ही गेल्यावर सूप प्यायला आणि आडवा झाला, तो अजून उठला नाही. वीस तास होत आले."

"श्वास घेतोय ना?"

"घोरतोय." मग तिनं आवाज आणखी खाली आणला. "फाइना मात्वेयेव्ना, तुम्हाला एक सांगते, कुणाला सांगू नका. तीन वर्षं तो उजव्या डोळ्यावर तळहात ठेवून झोपायचा. रोज. मी काढला तरी झोपेत परत ठेवायचा. आत्ता बघतेय, हात बाजूला पडलाय. उशीवर, उघडा."

मी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हटलं, "झोपू दे गं त्याला. उठवू नकोस."